हल्ली राहणार सातपूर

फेब्रुवारी सरत आला की नाशिकची माणसं बोलताना समोरच्याकडे कमी आणि आभाळाकडे जास्त बघतात. द्राक्षांत साखर उतरायची वेळ असते. आठ-दहा दिवस कोरडं ऊन मिळालं की माल सुटतो, आणि नेमका याच दिवसांत कुठून तरी एक करडा पट्टा वर सरकायला लागतो. माझं टेबल सीबीएस स्टँडजवळच्या कोर्टाच्या आवारात, कडुनिंबाखाली. मळे तिथून कोसांवर, तरी हवामान मला बसल्या जागी कळतं. अशील सही करतानाही एक डोळा वर ठेवतो. पुढची तारीख पडली तरी त्याला त्याचं फारसं काही वाटत नाही.

आज ढगांचा आठवा दिवस. दिंडोरीकडे माझ्या माहेरी बाग आहे. सकाळी भावाचा फोन आला. म्हणाला, "घडांना कागद बांधलेत गं सगळ्या. पण कागद उन्हाला अडवतो. गार पडली तर कागद काय करणार?" मी त्याला धीर दिला, देव आहे वगैरे म्हणाले. फोन ठेवल्यावर मात्र ते वाक्य माझ्या मागेच लागलं. कागदावर जिचं पोट चालतं तिला असले प्रश्न सकाळी सकाळी विचारू नयेत.

मी टायपिस्ट. भाडेकरार, मृत्युपत्र, वाटणीपत्र, नाव बदलल्याचं प्रतिज्ञापत्र, सगळे मसुदे मला तोंडपाठ. माणूस खुर्चीत टेकायच्या आत मी ओळखते याला कोणता कागद हवा ते. स्वभाव आगाऊ. आई म्हणायची, हिला विचारलं तर सांगते आणि नाही विचारलं तरी सांगते. शेजारच्या टेबलावर स्टॅम्पपेपर विकणारे तात्या बसतात. ते म्हणायचे, "बाई, तुम्ही वकील झाला असता तर न्यायाधीशालाच उभं केलं असतं." मला ते ऐकायला आवडायचं, हे आता कबूल करायला हरकत नाही.

द्राक्षांचा हंगाम म्हणजे लग्नसराईचाही, आणि म्हणून पळून आलेल्या जोडप्यांचाही. घरात स्थळं बघायला लागले की पोरं-पोरी आवारात येऊन उभी राहायची. मुलीच्या चपला नव्या, मुलाचा घसा कोरडा. त्यांची रीत ठरलेली होती. आधी प्रतिज्ञापत्र करायचं: आम्ही सज्ञान आहोत, स्वखुशीने एकत्र आलो आहोत, कुणी फूस लावलेली नाही. मग त्याच्या प्रती रजिस्टर एडीने, पोचपावतीसकट, पोलीस ठाण्यात आणि दोघांच्या घरी पाठवायच्या. पुढे बाप "पोरगी पळवली" अशी तक्रार घेऊन गेला की ठाण्यातले साहेब तोच कागद त्याच्यापुढे धरायचे. पाकिटं मी स्वतः तयार करायची, पत्ते मी टाकायची, संध्याकाळी घरी जाताना जीपीओच्या मोठ्या पोस्टात मीच टाकून यायची. जोडप्यांना त्यातलं काही समजत नसे. "बाकीचं मी बघते," हे माझं ठेवणीतलं वाक्य होतं.

त्या दोघी आल्या त्या फेब्रुवारीतही असंच आभाळ होतं. नव्वदीची शेवटची वर्षं. स्वातंत्र्याच्या पन्नाशीचा एक कापडी फलक फाटकावर अजून लोंबत होता, एका कोपऱ्यातून सुटलेला. एकीचे केस मानेपर्यंत कापलेले, अंगावर ढगळ शर्ट, बोटांवर तांब्याच्या तारेचे बारीक काप, आणि जवळ आली की वॉर्निशचा वास. ही विमल. मूळची सिन्नरकडची, सातपूरला एका वर्कशॉपमध्ये मोटारींच्या कॉइल गुंडाळायची. दुसरी कुसुम, मखमलाबादच्या फुलं लावणाऱ्या घरातली. तिच्या बोटांना शेवंतीचा वास होता आणि नखांत हिरवा चीक.

"कोणता कागद?" मी विचारलं.

"आमच्या दोघींचा," विमल म्हणाली.

"भागीदारी? धंदा कशाचा?"

"धंदा नाय. एका खोलीत ऱ्हातो आम्ही. तसंच ऱ्हायचंय. ते कागदावर पायजे."

तात्यांचे हात स्टॅम्पपेपरच्या गठ्ठ्यावर थांबले. मी चष्म्यावरून दोघींकडे पाहिलं. खरं सांगते, मला समजायला वेळ लागला, आणि समजल्यावर पहिली काळजी ही पडली की याचा मसुदा आणू कुठून. मग कुसुमनेच हळूहळू सांगितलं. ती रोज सकाळी सातपूरच्या बसथांब्यावर फुलं घेऊन बसायची. विमल पहिल्या पाळीला जाताना रोज एक गजरा घ्यायची. "केस हे एवढे," कुसुम हसली, "आणि गजरा घेऊन मलाच विचारायची, कुठं लावू सांग." वर्षभराने कुसुम घर सोडून तिच्या खोलीवर राहायला आली. मैत्रिणीकडे राहते, कंपनीत काम मिळालंय, असं तिने घरी सांगितलं होतं. आता भावांनी लासलगावचं स्थळ पाहिलं होतं, आणि सुपारी फुटायच्या आत तिला काहीतरी शिक्क्याचं हवं होतं.

मी भागीदारीपत्राचा सांगाडा घेतला, त्यात पळून आलेल्या जोडप्यांची वाक्यं बसवली. आमच्या प्रत्येक करारात एक लिहून देणार असतो आणि एक लिहून घेणार. मी विचारलं, "देणार कोण आणि घेणार कोण?" दोघी एकमेकींकडे बघायला लागल्या. मग विमल म्हणाली, "दोघीबी देणार, दोघीबी घेणार. तसं लिहिता येत नाय का?" येतं की. मी तसंच लिहिलं. आजारपणात एकमेकींची सेवा करू, एकीच्या मागे खोलीतलं सामान दुसरीचं, कुणी कुणाला टाकणार नाही. टाइप करताना मध्येच माझे डोळे भरून आले आणि मी रिबिनीला शिव्या दिल्या. मंगलाष्टकं ऐकताना मला कधी असं झालेलं नाही.

पत्त्याशी येऊन विमल म्हणाली, "खोलीचा पत्ता नका टाकू, ताई."

"पत्त्याशिवाय शिक्का कसा मारतील? 'हल्ली राहणार' ही ओळ लागतेच." मी शिकवायच्या सुरात म्हटलं. मग तिने सांगितला. पिठाच्या गिरणीमागची चाळ, खोली नंबरसकट. नोटरींनी न वाचता शिक्का मारला, ते कधीच वाचत नसत. तात्या साक्षीदार झाले. सही करताना एवढंच पुटपुटले, "सांभाळून राहा गं पोरींनो." विमलने वर्तमानपत्राच्या पुड्यातून सुटे द्राक्षमणी आणले होते, ते आम्ही चौघांनी टेबलावरच खाल्ले. गोड होते, थोडे तडकलेले. कुसुमने पर्समधून गजरा काढून माझ्या टाइपरायटरवर ठेवला.

त्या गेल्या आणि मी रोजच्यासारखी पाकिटं तयार केली. एक ठाण्याला, एक मखमलाबादला कुसुमच्या थोरल्या भावाच्या नावे, एक सिन्नरकडे विमलच्या घरी. कागदाच्या तळाशी मी सवयीने टाइप केलंच होतं: प्रत माहितीस्तव रवाना. त्या दोघींनी ती ओळ वाचली नव्हती आणि मी त्यांना वाचून दाखवली नव्हती. उलट घरी जाताना मला वाटत होतं की आज आपण एक चांगलं काम केलं.

जोडप्यांचा कागद चालायचा कारण त्याच्यामागे लग्नाचा कायदा उभा असायचा. या कागदामागे कुणीही उभं नव्हतं. एवढी साधी गोष्ट, इतकी वर्षं कोर्टाच्या सावलीत बसून, मला सुचली नाही.

पाचव्या दिवशी विमल आवारात आली ती धावतच. अंगावर कामाचाच शर्ट. "ताई, तिचे भाऊ लखोटा हातात घेऊनच आले व्हते. मी कामाला गेलेले. ती एकटीच हार करीत बसलेली. जीप आणली व्हती. समद्या चाळीनं पाह्यलं." मी लखोट्याचं नाव ऐकलं आणि खुर्चीत खाली सरकले. तिने मला काही विचारलं नाही. लखोटा कुणी पाठवला हे तिच्या लक्षात आलेलं नसावं, किंवा आलं असेल आणि त्या घटकेला मी सोडून तिला दुसरं कुणी नव्हतं.

मी तिच्याबरोबर चौकीत गेले. तिथल्या हवालदारांनी कागद शांतपणे शेवटपर्यंत वाचला. चहाचा कप खाली ठेवून म्हणाले, "बाई, तुम्ही कोर्टातल्या, तुम्हाला मी काय सांगायचं? याला कुठलं कलम नाही. भावांनी बहिणीला आपल्या घरी नेलं, याला पळवणं म्हणत नाहीत. उलटं लावायचं म्हटलं तर एक कलम आहे, अनैसर्गिक संबंधांचं, तीनशे सत्त्याहत्तर. बायकांना लागतं का नाही ते साहेब बघतील. पण लावलं तर पेपरात नाव येणार. हिच्या गावात चालेल का?" आवाज जराही चढला नव्हता, म्हणूनच भीती वाटली. विमलने कागद परत मागितला, चार घड्या घालून शर्टाच्या खिशात ठेवला. बाहेर आलो तर वारा सुटला होता. हातगाडीवाले द्राक्षांवर घाईघाईने ताडपत्री ओढत होते.

कुसुमचं लग्न त्याच महिन्यात झालं.

मधली वर्षं अशीच गेली. टाइपरायटर जाऊन कॉम्प्युटर आला, तात्यांना ऐकू कमी यायला लागलं. दर फेब्रुवारीत विमल एकदा यायची. सुट्या मण्यांचा पुडा टेबलावर ठेवायची आणि खिशातला कागद काढून विचारायची, "आता चालंल का हा?" मी नकारार्थी मान हलवायची. ती म्हणायची, "बरं," आणि जायची. चौथ्या का पाचव्या वर्षी मी तिला सांगून टाकलं की ते पाकीट मी टाकलं होतं. ती म्हणाली, "ठाऊक हाय. पाकिटावर टायपिंग तुमचंच व्हतं." पुढच्या वर्षीही ती मण्यांचा पुडा घेऊन आलीच. मला त्या पुड्याची भीती वाटायला लागली होती.

एकदा लासलगावला नात्यातल्या साखरपुड्याला गेले होते. बाजार समितीच्या रस्त्यावर ट्रॅक्टरांची रांग, लाल कांद्याचा उग्र दर्प, डोळ्यांना धार. एका कांदाचाळीच्या सावलीत बायका कांदा निवडत बसल्या होत्या. त्यांतली एक पदर सावरून उठली आणि माझ्याकडे आली. हातांना शेवंतीचा वास नव्हता एवढाच फरक, बाकी कुसुमच. तीच बोलली. "तुमच्या टायपिंगमध्ये एक चूक नव्हती, ताई. दादानं समद्या घरासमोर मोठ्यानं वाचून दाखवलं. कुठं अडखळला नाय." मग ती म्हणाली, "कागद जाळला त्यांनी. पण ती एक ओळ माझ्या पाठ हाय. दोघीबी देणार, दोघीबी घेणार." मागून कुणी हाक मारली तशी ती पाटीकडे वळली. त्या साखरपुड्यात मी काय जेवले ते मला आठवत नाही.

आणि मग गेल्या जुलैत त्याच तीनशे सत्त्याहत्तर कलमावर दिल्लीच्या उच्च न्यायालयाचा निकाल आला. पावसाने आवारात चिखल, सगळे चहाच्या टपरीच्या पत्र्याखाली दाटीवाटीने उभे. वर्तमानपत्र हातोहात फिरत होतं. सज्ञान माणसांनी आपखुशीने एकमेकांवर प्रेम करणं हा गुन्हा धरता येणार नाही, संविधानाने दिलेली समानता त्यांनाही आहे, असा एकूण अर्थ. वकील मंडळी हसत होती. एकजण मला म्हणाला, "बाई, आता तुमचा धंदा वाढणार. नवीन मसुदा करून ठेवा." त्याला काय माहीत, मसुदा माझ्याकडे दहा वर्षांपूर्वीचा आहे. दुसऱ्याने सांगितलं, "कसलं काय, वर अपील होणार. आणि दिल्लीचं इथे लागू का, यावरच दहा वर्षं घालवतील." हसण्याची चीड आली, पण घाबरवलं ते अपील या शब्दाने. या आवारात मी खालच्या कोर्टात जिंकलेली कितीतरी माणसं वर हरताना पाहिली आहेत. पेढे वाटून झालेले असतात, आणि मग एक दिवस वरून कागद येतो.

दिवाळीनंतर विमल आली. फेब्रुवारी नसताना ती पहिल्यांदाच आली होती, आणि बरोबर कुसुम होती. मूल होत नाही म्हणून नवऱ्याने दुसरी आणली आणि हिला माहेरी सोडलं. माहेरी भावांनी पुन्हा एक बिजवर पाहिला. त्याच आठवड्यात कुसुम फुलांची पाटी घेऊन घराबाहेर पडली आणि थेट सातपूरच्या बसमध्ये बसली. खोली तीच, गिरणीमागची. विमलने ती इतकी वर्षं बदलली नव्हती. "बदलली असती तर ही कुठं आली असती?" ती म्हणाली.

"आता लगीन व्हईल का, ताई?" विमलने विचारलं. ती चाळिशीची होती, केसांत पांढरं, आणि विचारताना लाजली.

मी खरं तेच सांगितलं. गुन्हा नाही म्हणजे लग्न झालं असं होत नाही. दवाखान्यात सही करायला अजूनही रक्ताचं माणूस मागतील. रेशनकार्डावर तुम्ही दोघी एका घरच्या होणार नाही. आणि हा एवढासा निकाल, तोही वर टिकेल की नाही कुणाला ठाऊक. विमलने सगळं ऐकलं आणि म्हणाली, "म्हंजी मोहर आलाय, फळाचं काय खरं नाय."

मागच्या पंधरवड्यात त्या पुन्हा आल्या, नवा कागद करायला. मी मसुद्यातला एक शब्द बदलला नाही. तात्यांनी पुन्हा साक्ष घातली. पत्त्यापाशी मी थांबले. "हल्ली राहणार टाकू का?" असं विचारलंसुद्धा. कुसुम म्हणाली, "टाका. आणि गेल्या बारीसारखी नक्कल दादाला पाठवा. चोरासारखं किती दिवस ऱ्हायचं? कोर्टानं सांगितलंय ना, गुन्हा नाय म्हणून."

मी पाकीट तयार केलं, पत्ता टाकला, तिकिटं लावली आणि ते खणात ठेवून दिलं. जीपीओवरून रोज जात होते. हात होत नव्हता. विमल एवढ्या वर्षांत ती खोली सोडून गेली असणार असं धरून तिचे भाऊ गावोगाव तिचा तपास काढतायत हे मला अशिलांकडून कळलं होतं. म्हटलं, वरच्या कोर्टाचं काय होतंय ते पाहू. ढग तर जाऊ देत. विमलचा फोन आला, पोचपावती आली का? मी म्हटलं, टपाल हल्ली उशिरा येतं.

सोमवारी कुसुम एकटीच आली. मी कुणाला तरी भाडेकरार वाचून दाखवत होते. तिने खण उघडा पाहिला आणि पाकीटही पाहिलं. अशील जाईपर्यंत ती उभी राहिली. मग म्हणाली, "तेव्हा तुम्ही न विचारता पाठवलं. आता न विचारता ठेवलं. आम्हाला कधी विचारणार, ताई?"

तात्यांना ऐकू येत नाही म्हणतात, पण त्यांनी मान खाली घातली.

कुसुमने माझ्याच टेबलावर बसून पोचपावतीचं कार्ड भरलं. मी म्हटलं, पाठवणाऱ्याच्या जागी निदान माझा पत्ता टाक, कोर्टाचा. तिने ऐकलं नाही. तिचं अक्षर मोठं, शाळेतल्या मुलीसारखं. पिठाच्या गिरणीमागे, सातपूर, आणि खोली नंबर. मग पाकीट पदराखाली धरून ती जीपीओकडे चालत गेली.

आज गुरुवार. मखमलाबाद काही लांब नाही. पाकीट कालच पोचलं असणार. कार्ड परत येईल ते त्याच खोलीवर येईल, आणि भाऊ आले तर तेही त्याच पत्त्यावर येतील. दुपारपासून आभाळ खाली उतरलंय. तात्या म्हणतात, गारेचा वास येतोय. दिंडोरीहून माझ्या भावाचा पुन्हा फोन आला होता, मी उचलला नाही.

मी कॉम्प्युटर बंद केला आणि सातपूरला फोन लावला. आयुष्यात पहिल्यांदाच बहुधा, आधी विचारलं. "मी तिकडे येऊन बसले तर चालेल का गं?"

पलीकडून गिरणीचा आवाज येत होता. कुसुम म्हणाली, "या. पण ताई, दार आम्ही उघडंच ठेवणार हाय."